चार नंबरचा दरबार

१४ जानेवारी २००७
ताईने ही डायरी आणून दिली. ती मीरा रोडला दातांच्या डॉक्टरकडे रिसेप्शनला आहे. औषध कंपनीवाले डॉक्टरला डायऱ्या फुकट देतात, त्यातली एक उरली. प्रत्येक पानाच्या खाली एक दात हसतोय. ताई म्हणाली, पाल्या, तू बोलत तर नाहीस, निदान लिही.
बोलतो मी. फक्त बोलायच्या आधी विचार करतो. लोकांना तेवढा टाइम नसतो.
संकल्प: दहावी बाहेरून द्यायची. काशीमीऱ्याच्या गोडाऊनवाल्याला नोकरीसाठी भेटायचं, बाबा दिवाळीपासून मागे लागलेत. सायबरमध्ये रोज एकच तास.

१५ जानेवारी
सायबरमध्ये तीन तास. पण मध्ये लाइट गेली होती. ते धरायचं नाही.

१७ जानेवारी
गेमबद्दल लिहून ठेवतो. खारी गावाच्या नाक्यावर सायबर आहे, काउंटरला स्वप्नील बसतो. त्याने चार नंबरच्या कॉम्प्युटरवर राजांचा एक गेम टाकलाय. बाकी पोरं गोळ्या मारायचे गेम खेळतात. यात जुन्या काळचं युरोप, एक राजा आणि त्याचा दरबार. लढाई कोणीपण करेल. खरं राज्य लग्नांवर चालतं. दरबारातल्या माणसावर क्लिक केलं की त्याचे गुण दिसतात. हिशेबात कसा, लढाईत कसा, बोलण्यात कसा, स्वभाव काय. मग कोणाचं कोणाशी लावायचं ते मी ठरवतो. निरोप पाठवायचा, थोड्या दिवसांनी उत्तर येतं. तोंडाने काही बोलावं लागत नाही.
खजिना सांभाळणाऱ्या बाईला मी हंसाबेन नाव ठेवलंय. आमच्या खालच्या किराणावाल्या हंसाबेनसारखीच आहे, चिकट पण हिशेबाला पक्की. आज तिचं सेनापतीशी जमवलं. दोघं खूश असावेत. गेममध्ये ते दाखवत नाहीत.
मला माणसं कळतात. शाळेत हे कोणाच्या लक्षात आलं नाही. नववीत सर उभं करून धडा वाचायला लावायचे. धडा मला येत होता. उभं राहणं जमत नव्हतं. म्हणून शाळा मी सोडली, शाळेने मला नाही.

२० जानेवारी
गेमची चूक. दरबारातली सगळ्यात हुशार पोरगी लांबच्या एका राजाकडे दिली. लग्न झालं आणि तिचं नावच यादीतून गेलं. परत आणायचं बटण शोधलं. नाहीये. दरबारातल्या दरबारात लावलं असतं तर दोघं राहिले असते.
नियम: चांगलं माणूस बाहेर द्यायचं नाही.

२३ जानेवारी
बाबा फोर्टवरून, कामावरून आले, बूट काढता काढताच म्हणाले, राजश्रीचं या उन्हाळ्यात उरकून टाकू. परभणीकडं निरोप धाडलाय. आई बांगड्यांना खडे चिकटवत होती. तिने मान वर न करता विचारलं, एवढ्या लांब? बाबा म्हणाले, मग इथं कोण बसलंय आपल्यासाठी?
ताई गेली तर माझं काय? हंसाबेनशी ती बोलते, रिक्षावाल्याशी ती बोलते, बाबांना माझं काही सांगायचं तर तीच सांगते.
नियम लावला. दरबारात नजर टाकली. एकच माणूस आहे. स्वप्नील. वय पंचवीस. हिशेब चांगला. बोलणं चांगलं. स्वभाव दयाळू, मला वरची दहा मिनिटं देतो. आपल्यातलाच आहे, फक्त कोकणातला. बाबा म्हणतात कोकणातले लोक पोटातलं सांगत नाहीत. ते चालेल. मीपण सांगत नाही.
शिवाय भाऊजी झाला की चार नंबर घरचाच.

२९ जानेवारी
स्वप्नीलला हिंट दिली. म्हणालो, आमच्या ताईला टायपिंग येतं. तो म्हणाला, माऊस अडकतोय का रे? म्हणजे विषय त्याने टाळला नाही.

३ फेब्रुवारी
ताई मला बोलवायला सायबरमध्ये आली. स्वप्नीलशी प्रिंटरबद्दल बोलत बसली. बराच वेळ. आमच्या घरी प्रिंटर नाही. प्लॅन आपोआप पुढे सरकतोय. चांगल्या राज्याचं हेच लक्षण.

५ फेब्रुवारी
जिंकलो!
ताईने घरी येताना रस्त्यात थांबवून सांगितलं. स्वप्नील आणि तिचं वर्षभरापासून ठरलंय. म्हणजे माझ्या डोक्यात यायच्या आधीच माझा प्लॅन यशस्वी झाला होता.
एकच काम राहिलंय. बाबांना सांगायचं. ते मी सांगायचं. ताई म्हणाली, मी सांगितलं तर ते लव्ह होतं, मग बाबा जेवणार नाहीत आणि आई रडत बसेल. भावाने सांगितलं तर ते स्थळ होतं. तू फक्त म्हण, बाबा, माझ्या ओळखीचा एक मुलगा आहे, ताईला बघून घ्या. बस. मग स्वप्नील आईला घेऊन रीतसर येईल. तोपर्यंत तो तोंड उघडणार नाही, मीही नाही.
मी म्हणालो, एवढंच ना?
ती म्हणाली, पाल्या, तुझ्यासाठी एवढं पण खूप आहे, मला माहितीये. पण एकदाच. नंतर जन्मभर गप्प बस.

६ फेब्रुवारी
आज सांगणार होतो. बाबांचं डोकं दुखत होतं.

७ फेब्रुवारी
बाबांचं डोकं दुखत नव्हतं. पण मूड एवढा चांगला होता की घालवावासा वाटला नाही.

९ फेब्रुवारी
संडासात प्रॅक्टिस केली. बाबा, माझ्या ओळखीचा एक मुलगा आहे. छान येतंय. बाहेरून आईने विचारलं, कुणाशी बोलायलास रे लेकरा? आज पुरे झालं.
गेममध्ये राजाचंही लग्न बाकी आहे. वय एकेचाळीस. दोन स्थळं आली, थांबवून ठेवलीत. अजून चांगली राजकन्या येईल. डिप्लोमसीत घाई करायची नसते.

११ फेब्रुवारी, रविवार
आज विहाराच्या हॉलमध्ये वधू-वर परिचय मेळावा. ताई म्हणाली, क्लिनिकमध्ये शिबिर आहे, मला जमणार नाही. मग बाबा मला घेऊन गेले. म्हणाले, वर जाऊन बहिणीची माहिती सांग, मला चष्मा लागतो.
स्टेजवर गेलो. माइक. आधी स्वतःचं नाव सांगतात म्हणून ते सांगितलं. धम्मपाल कोंडिराम. पुढचं येईना. माइकवाल्याने मदत केली, शिक्षण? नववी. वय? सतरा. हॉल हसायला लागला. मागून एक म्हातारे ओरडले, याला आधी दूध पाजा, मग बायको द्या. अपेक्षा काय, असं विचारल्यावर मी म्हणालो, पाणी.
पाणी मिळालं. पुढच्या रांगेतल्या एका मावशींनी दिलं, सरूबाई, परभणीच्या. फार चांगल्या बाई. म्हणाल्या, बहिणीचं सांगायला आला होतास ना बाळा? मी मान हलवली. शिकलेली आहे? मान हलवली. नोकरी करते? मान. स्वभावाने शांत? मान. इतकं सरळ बोलणं माझं कोणाशी झालं नव्हतं. शेवटी घरचा पत्तापण सांगितला.
एकूण दिवस चांगला गेला. लोकांशी बोलायची भीती मोडली. उद्या बाबांना सांगतो.

१२ फेब्रुवारी
नाही सांगितलं. कालचा ताण आहे.

१८ फेब्रुवारी, रविवार
जेवताना बाबा आपणहून म्हणाले, वैजयंता, खरं सांगू का, पोरगी लांब द्यायला जीव होत नाही. इथंच भायंदरात एखादं साधं पोरगं भेटलं असतं, रोज डोळ्यांसमोर राहिली असती.
ताईचा हात ताटात थांबला. तिने माझ्याकडे बघितलं. आईपण बघायला लागली, कशासाठी ते तिला माहीत नव्हतं. बाबांनी विचारलं, काय रे धम्मा, काही म्हणायलास का?
मी तोंड उघडलं. म्हणालो, लोणचं.
ताईने लोणच्याची बरणी पुढे केली. हळूच ठेवली, आपटली नाही.
बाबांचं मत अनुकूल आहे हे कळलं, हा आजचा मोठा फायदा. आता घाई नाही.

२५ फेब्रुवारी, रविवार
सरूबाई घरी आल्या. सोबत भाचा, शशिकांत. परभणीला एसटीच्या डेपोत मेकॅनिक, पर्मनंट. मला बघून सरूबाईंनी सगळ्यांना सांगितलं, ह्या लेकरानंच सगळी माहिती दिली बरं का! बाबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. अशी थाप बाबांनी पहिल्यांदाच मारली.
शशिकांत: हिशेब ठीक. बोलणं कमी. लढाई माहीत नाही. चहा बशीत ओतून पितो. स्वभाव, दोष काही सापडला नाही. फार प्रयत्न केला.
ताई सगळा वेळ माझ्याकडेच बघत होती. मी टीव्हीकडे बघत होतो. टीव्ही बंद होता.

१ मार्च
ताई जिन्यात भेटली. विचारलं, बाबांना बोललास?
मला म्हणायचं होतं, वातावरण तयार करतोय. पण आधी मान हलली. सवयीने.
ती म्हणाली, काय म्हणाले? नाही म्हणाले का?
मी खाली बघितलं. खाली बघितलं म्हणजे हो असं कुठे लिहिलेलं नाही. ती जिन्यावर बसली. हंसाबेन वर येत होती, तिने विचारलं, क्या हुआ बेटा, चक्कर आया? ताई म्हणाली, कुछ नहीं, सँडल टूट गया.
सँडल चांगली होती.
हा गैरसमज झालाय. दूर करायला सोपा आहे. बाबांना खरंच सांगून टाकलं की मागचंपण आपोआप खरं होईल. रविवारी पक्कं.

४ मार्च, रविवार
सायबर. मुद्दाम गेलो, डोकं शांत करायला. राजा मेला. वय अठ्ठावन्न. दरबारातल्या सगळ्यांची लग्नं लावली, त्याचंच राहून गेलं. चांगली राजकन्या यायची होती. वारस नाही म्हणून गेम संपला. स्क्रीनवर एक काळा झेंडा येतो आणि वाजंत्री.
स्वप्नील उठून बघायला आला. म्हणाला, अरे, एवढी वर्षं तू करत काय होतास?
त्याची दाढी वाढलीये.
या मूडमध्ये घरी बोलणं बरोबर नव्हतं.

११ मार्च, रविवार
ताईने शशिकांतला होकार दिला. बाबांनी तिला दोनदा विचारलं, बाई, तुझ्या मनात दुसरं काही असेल तर सांग. ती म्हणाली, तुमच्या मनात नाही ते माझ्या मनात कशाला? बाबांना ते फार आवडलं. त्यांनी ते फोनवर परभणीला सगळ्यांना सांगितलं.
मी तिथेच होतो. खडे चिकटवत होतो. आज शेजारी आईने ठेवलेला अख्खा बॉक्स संपवला.
मग ताईकडे गेलो. म्हणालो, ताई, ऐक ना. ती म्हणाली, राहू दे रे. तू विचारलंस तरी. मला वाटलं होतं तुला तेवढंपण जमणार नाही.
अशा वेळी तिचं समाधान मोडणं योग्य नाही.

२ एप्रिल
ताई सायबरच्या रस्त्याने जात नाही. क्लिनिकला लांबून जाते. तिला सांगायचं ठरवलं की परभणी फार लांब नाही. नकाशात बघितलं. लांब आहे.
काशीमीऱ्याच्या गोडाऊनला गेलो होतो. गेटपर्यंत. ट्रक फार होते.

६ मे, रविवार
लग्न झालं, विहाराच्या हॉलमध्येच. पांढरी साडी, त्रिशरण, पंचशील, सगळं व्यवस्थित. मलाही दोन शब्द बोलायला बोलावलं होतं. त्या वेळी मी चपला सांभाळत होतो.
स्वप्नील सकाळपासून कामाला होता. कोणी सांगितलं नव्हतं. खुर्च्या लावल्या, पाण्याचे जार आणले, माइक बंद पडला तो त्यानेच चालू केला. ताईची पाठवणी होताना तो स्टेजच्या मागे वायर गुंडाळत बसला होता. वायर आधीच गुंडाळलेली होती.
निघताना ताईने माझं डोकं तिच्या खांद्याला लावलं. म्हणाली, हंसाबेनकडून साखर आणायची असेल तर चिठ्ठी लिहून दे तिला, लाजू नकोस.
जीप गेली. हॉलमध्ये बाबा आणि मी राहिलो. बाबा स्वप्नीलकडे बघत होते, तो झाडू मारत होता. म्हणाले, हे पोरगं कोण रे? सकाळपासून बघायलोय. एवढं गुणाचं. असं एखादं आधी दिसलं असतं तर मी परभणीला कशाला गेलो असतो? तुझ्या ओळखीचं आहे का?
मी म्हणालो, थोडंसं.
बाबा म्हणाले, मग सांगायचं नाही का, येड्या? आणि हसले. मग रुमाल काढून बराच वेळ चष्मा पुसला.

१० मे
सायबर. स्वप्नीलने चार नंबर लावून दिला. टाइम लिहिला नाही. मग शेजारी स्टूल ओढून बसला. म्हणाला, धम्मा, एक विचारू? तू बाबांना सांगितलं होतंस ना, माझं नाव घेऊन?
मान हलली.
तो म्हणाला, बरं. त्यांचंपण बरोबर आहे. सायबरवाल्याला कोण देणार. मग उठून काउंटरला गेला आणि एका पोराला ओरडला, ए, कीबोर्ड आहे तो, तबला नाही.
नवीन राज्य सुरू केलं. या वेळी राजाचं लग्न पहिल्या महिन्यातच लावून टाकलं. अनुभव कामी आला.
स्वप्नील फार गप्प असतो हल्ली. त्याच्यासाठी एखादी चांगली मुलगी बघायला पाहिजे. मी घेतो मनावर.