गाळलेल्या ओव्या

प्रिय आत्याबाई,

लांबूनच पाया पडते. तुम्हाला अक्षरओळख नव्हती, तरी तुमची सून तुम्हाला पत्र लिहायला बसली आहे. हसा! पण फोटोसमोर उभी राहून बोलायला गेले की नुसतं रडू येतं, म्हणून लिहिते. काल दुपारी शेजारच्या गंगूबाईनं एक गोष्ट सांगितली. ती सांगण्याआधी एक कबुली द्यायची आहे.

मी पोथी वाचताना ओव्या गाळायचे.

रोज सकाळी स्वयंपाक आवरला की तुम्ही देवापुढे पाट टाकून बसायचात. मामाजी होते तोवर तेच तुम्हाला अध्याय वाचून दाखवायचे. ते गेले आणि ते काम माझ्याकडे आलं. मला अंगणवाडी उघडायची, मोबाईलवर मुलांची हजेरी भरायची, खिचडी बघायची. आणि इकडे अध्याय काही संपत नसे. एक दिवस मी दोन पानं एकदम उलटली. तुम्ही डोळे मिटून, हात जोडून बसला होतात. तशाच बसून राहिलात. मला वाटलं, म्हातारीला काय कळतंय! हो, असंच वाटलं. आता तुमच्यापासून काय लपवू? पुढे तर सवयच लागली. आणि वाचून झालं की तुम्ही माझ्या तोंडावरून हात फिरवून म्हणायचात, "वाचनं गोड आहे वं तुहं, वैशाली."

कसं म्हणवलं हो तुम्हाला ते?

एकदाच तुम्ही टोकलंत. हुरड्याचे दिवस होते. "आज जराशी हळू वाच. घाई कायले करतं?" मी म्हणाले, "आत्याबाई, आज मॅडम येऊन राह्यल्या तपासणीले." त्या दिवशी मी तीन पानं उलटली. मॅडम आल्याच नाहीत. आणि आठवड्याच्या आत तुमच्या छातीत दुखायला लागलं, जीप मालेगावच्या दवाखान्यात पोचायच्या आधीच तुम्ही गेलात. तुमचं डोकं माझ्या मांडीवर होतं.

तुमच्यामागे मी पोथी सोडली नाही. उलट नेमानं बसायचे. पण वाचून उठल्यावर कोणी विचारलं असतं, काय वाचलंस, तर सांगता आलं नसतं. दिवा लावायचे तो हाताला सवय म्हणून. देवाशी बोलायला तोंड उघडावं तर शब्दच नाही. घरात सगळं ठीक, लेकरं ठीक, आणि मी आतून जागच्या जागी थांबलेली. तुमच्या चिरंजीवांना सांगितलं तर ते म्हणाले, "तुले अशक्तपणा आला असंन, रक्त तपासून घे." तपासलं. रक्त चांगलं निघालं!

कारंज्याला देवळात जाऊन गुरुमहाराजांपुढे बसले. मंगरूळच्या दर्ग्यात जाऊन डोकं टेकवलं. गुरुवार धरले, सोडले, पुन्हा धरले. शेवटी एक दिवस देवघरापुढे बसून सरळच म्हणाले, "देवा, मी अडकले आहे. हा रस्ता माझा नसेल तर वळव मला. कुठे वळू ते तूच सांग." कौल मागायला देवाच्या उजव्या अंगाला जास्वंदीचं फूल ठेवलं आणि ते पडायची वाट बघत बसले. खूप वेळानं पडलं, पण ते मांजरीनं पाडलं होतं. मी रडत रडत हसले. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, मांजर काय देवाची नाही?

तर काल. वर्षश्राद्ध जवळ आलं म्हणून तुमचं हिरवं लुगडं गंगूबाईला द्यायला गेले. ती अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती आणि स्वतःशीच काहीतरी म्हणत होती. मी ऐकलं आणि दारातच थांबले. आपल्याच पोथीतल्या ओव्या! पण तुम्हाला मी कधीच वाचून न दाखवलेल्या. उलटलेल्या पानांमधल्या.

"गंगूबाई, हे तुमाले कुठून येते?"

"तुह्या सासूनं शिकवलं. तू गेली अंगणवाडीत का ते ये माह्याकडं. म्हणे, आज एवढं राह्यलं, चाल म्हणून घेऊ. तिले सारी पाठ होती नं, तुह्या सासऱ्याचं ऐकून ऐकून."

मी लुगडं तसंच हातात धरून तिच्यासमोर बसले. सगळं माहीत होतं तुम्हाला. पहिल्या दिवसापासून!

"मंग मले काहून नाई सांगतलं त्यायनं?"

"मीनं म्हटलं होतं तिले, सुनेले सांग म्हणून. तं मले म्हणे, सांगतलं तं ते लाजंन अन् वाचनंच सोडून देईन. दिवसभर धावत राह्यते पोरगी. तेवढा वेळ माह्याजवळ बसते, तं बसू दे."

आत्याबाई, एकदा तरी रागवायचं होतं! कान धरायचा होता. माझी आई असती तर दोन धपाटे घातले असते तिनं. तुम्ही माझी लाज राखत बसलात, आणि मी मात्र म्हातारीला फसवलं म्हणून खुशीत, घाईघाईनं चपला घालून निघत होते. तुम्हाला पोथी नको होती, तुम्हाला मी हवी होते. आणि मी सगळा वेळ दाराकडे बघत वाचत होते.

मी उठायला लागले तेव्हा गंगूबाई म्हणाली, "अन् सारं म्हणून झालं का हात जोडे. रोज एकच म्हणे. देवा, हे माह्या वैशालीनंच वाचलं असं समज."

त्यानंतर मी घरी कशी आले, मला आठवत नाही.

आज सकाळी पोथी घेऊन बसले. पुढचा अध्याय उघडला नाही, मागे गेले, पहिल्यांदा जिथे पानं उलटली होती तिथवर. देवाला मी वळव म्हणाले होते, तर त्यानं मला तिथे नेऊन बसवलं. गंगूबाईला बोलावून आणलं. चारच ओव्या वाचल्या. पाचवीला आवाज फुटेना, तेव्हा तिनं म्हटली. अंगणवाडीत उशिरा पोचले. मदतनीस बाईनं मुलांना रांगेत बसवून ठेवलं होतं. कितीतरी महिन्यांनी माझ्या आत काहीतरी हललं, पण ते सुखाचं नव्हतं. नुसतं दुखत होतं. तरी ते दुखणं बरं वाटलं.

तुम्ही साध्या भाजीवालीशीही खोटं बोलायच्या नाहीत. आणि माझ्यापायी रोज देवाशी खोटं बोललात. ते मी खोटं राहू देणार नाही, आत्याबाई. उशीर होऊ दे, मॅडम येऊ दे, एकेक पान मी सावकाश वाचीन. तुम्ही देवाला सांगितलंत ते शेवटच्या ओवीपर्यंत खरं करीन.

तुमचीच,
वैशाली