धक्क्याखालची पाणमांजरं

रविवार, १२ मार्च

ती. ताईंस,
सा. न. वि. वि.

इकडे सगळे बरे आहोत. तुमची गुडघेदुखी कशी आहे?

हे पत्र नदीवरच्या घरातून लिहितेय. का आलो ते पुढे लिहिते, आधी गंमत ऐका. सकाळी धक्क्यावर दात घासत उभी होते, तर फळ्यांखालून शिट्ट्या. वाकून पाहिलं तर पाणमांजर, आणि तिची तीन पिल्लं! तुमच्या भावाला हाक मारली, तर हे अर्धी दाढी तशीच ठेवून धावत आले. मग आम्ही दोघंही फळ्यांवर पालथे. आई एकेकाला मानगुटीला धरून पाण्यात ओढते, आणि पिल्लू असं किंचाळतं की जणू त्याला विकायलाच काढलंय. दोघं कशीबशी पोहली. तिसरं लव्हाळ्यात तोंड खुपसून बसलं, ते बसलंच. हे हसत होते, ताई. बाबा गेल्यापासून यांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं.

आता लिहायलाच हवं. आम्ही घर दाखवायला आलो होतो. गिऱ्हाईक म्हणजे एक दाताचे डॉक्टर. अकराला बायकोला घेऊन आले आणि धक्क्यावर पाय आपटत म्हणाले, "हे लाकूड सगळं काढू. इथे सिमेंटचा धक्का, मोटारबोटीसाठी."

माझं काय बिनसलं कोण जाणे. मी म्हटलं, "जरूर. फक्त नदी वाढली की पाणी स्वयंपाकघरात येतं. मागे कुकर तरंगत पलंगाखाली गेला होता."

त्यांच्या बायकोने विचारलं, "साप असतात का हो?"

"असतात. पण त्रास देत नाहीत. पलंगावर चढत नाहीत सहसा."

बाई तिथेच साडी गोळा करून उभ्या राहिल्या. आता हे सगळ्यांदेखत मला खोटं पाडणार, याची खात्रीच होती. हे चष्मा पुसत राहिले, आणि मग शांतपणे म्हणाले, "छप्परही गळतं."

ताई, छप्पर तर तुम्ही स्वतः उभं राहून नवं घालून घेतलेलं. एक थेंब गळत नाही.

डॉक्टर चहाला थांबले नाहीत. गाडी वळली तसे हे परत धक्क्यावर जाऊन बसले. फळ्यांखाली वाकून पिल्लं शोधता शोधता म्हणाले, "ताईला कोण सांगणार?" घर विकायचं म्हटल्यावर तुम्ही भरल्या ताटावरून उठून गेलात, त्यानंतर यांच्या तोंडून 'ताई' हा शब्द आज पहिल्यांदा ऐकला. मी म्हटलं, मी लिहिते, पण शेवट तुम्ही करायचा. तेव्हा पेन त्यांच्याकडे देते.

तुमची भावजय

ताई, आपल्यात काय झालं ते सगळं मिटलं असं मी म्हणत नाही. पण ये. पिल्लं फार दिवस इथे राहायची नाहीत.

तुझा धाकटा