कोरडी केरसुणी

आई, काल नातीच्या खोलीत पलंगामागच्या भिंतीवर बुरशी दिसली. सून झाडू घेऊन आली, तर मी तो तिच्या हातातून काढून घेतला. का ते मात्र सांगितलं नाही. म्हणून तुला लिहिते आहे. तू जाऊन चाळीस वर्षं झाली.

एकोणीसशे पस्तीस-छत्तीस साल असेल. पणदऱ्याच्या आपल्या घरामागं उसाचं रान थेट भिंतीला भिडलेलं होतं. पाटाच्या पाण्याची पाळी आली की आतल्या खोलीची भिंत ओल धरायची आणि काळा बुरा वर चढायचा. त्याच भिंतीशी तीन वर्षांचा धाकटा निजायचा. तू दर सणाला तिच्यावर शेणाचा पोतेरा फिरवायचीस. भिंत चार दिवस देखणी दिसायची, मग बुरा पुन्हा हजर. धाकट्याला दम लागू लागला तेव्हा बारामतीच्या डॉक्टरांनी तुला चांगलंच फैलावर घेतलं. शेणाच्या ओलीनं बुरा उलट पोसतो, म्हणाले. पाणी भिंतीपासून लांब राहावं म्हणून तात्यांनी घरामागच्या उसाच्या चार सऱ्या बुजवल्या. भिंतीचं काम आपल्या दोघींकडं आलं.

त्या दिवशी तू पदर कमरेला खोचून शेतावर निघाली आहेस. मी दहा वर्षांची. तू मला बजावतेस, "आधी त्याला काकीकडं ठिवून ये. मग भिताड भिजव, नाकातोंडाला फडकं बांध अन् खुरप्यानं खरवड. कोरडी केरसुणी लावू नगंस, त्यो धुरळा लेकराच्या छातीत जातो." खरवडलेलं लांब नेऊन पुरायचं होतं, आणि चुना तू संध्याकाळी येऊन देणार होतीस.

पण शेजारच्या मळ्यात गुऱ्हाळ लागलं होतं आणि ताजा गूळ संपेल या धास्तीनं माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. धाकटा गाढ झोपलेला. त्याला उचलायचं कोण, पाणी शेंदायचं कोण. मी केरसुणी घेतली आणि भराभरा भिंत झाडली. काळी भुकटी उडते, त्याच्या पापण्यांवर बसते, तो झोपेतच शिंकतो. मी परकराच्या टोकानं त्याचं तोंड पुसते आणि पळते.

संध्याकाळी भिंत बघून तू मला जवळ घेतलंस. चोळीसाठी ठेवणीतला खण काढून दिलास. तो मी घेतला.

आठवडाभरात धाकट्याचा दम इतका वाढला की त्याला इंदापूरला मावशीकडं पाठवावं लागलं, कोरड्या जागेत. तो वाचला, पण परत आला नाही. मावशीलाच आई म्हणू लागला. आणि तू मरेपर्यंत येईल-जाईल त्याला सांगत राहिलीस, "माज्याच शेणानं माजं लेकरू लांब गेलं." मी शेजारी बसून भाकरी खात असायचे. मला रडू यायचं नाही. आजही येत नाही, नुसतं बधिर वाटतं.

कालची भिंत मी स्वतः भिजवून खरवडली. नात अंगणात खेळत होती, तरी दोनदा बाहेर जाऊन बघून आले.

तुला वाचता येत नव्हतं. मावशीची पत्रं मीच तुला वाचून दाखवायचे. हेही मलाच वाचावं लागलं असतं, आणि खरं सांगते, केरसुणीपाशी आल्यावर तेवढं गाळून मी पुढं वाचलं असतं.