रुखवतातला सीलबंद कुकर

अहमदपूर,
१८ मे २०२५

चि. सौ. तनुजास,

बाबांचे आशीर्वाद. तुझ्या सासूबाई कोंडाबाईंना आणि जावईबापूंना नमस्कार सांग.

इकडं सगळं ठीक. लग्नाची दगदग संपली तसा तुझ्या आईचा गुडघाही गुमान बसला. उन्हामुळं दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही, तरी आपल्या भांड्यांच्या दुकानात बायका येतात, घासाघीस करतात, चहा पिऊन जातात. किनवटला झाडी आहे, तुला जरा गार वाटत असेल.

हे पत्र तुझ्या दादासोबत पाठवतोय. हरिओमकडं नवा कुकरही आहे, तो ठेवून घे. परवा फोनवर मी एवढंच म्हणालो, "रुखवतातला कुकर लावू नको, भात पातेल्यात कर." तू हसलीस. तुमच्याकडं फोन स्पीकरवर असतो, म्हणून पुढचं गिळलं.

लग्नाआधी मानक ब्युरोचे साहेब दुकानात आले होते. बाजारातला माल खरंच सुरक्षित आहे का, हे ते पाहतात. फळीवरचे दोन कुकर त्यांनी काढले, कापडात शिवले, लाखेचं सील ठोकलं. एक तपासायला नेला. दुसरा माझ्याकडं देऊन म्हणाले, "शेषेराव, निकालावर वाद झाला तर हा तपासू. सील तुटू देऊ नका."

मी तो गल्ल्यामागं ठेवला. मग रुखवत मांडायला रेणापूरहून तुझी आत्या आली. तुळजाबाईचा कारभार तुला ठाऊकच आहे. दुकानभर नजर फिरवली आणि नेमका हाच उचलला. विचारलं तर म्हणती, "लई नटवून ठिवलास की रं. मला वाटलं, लेकीसाठीच हाय." वर लाखेला हळदीकुंकूही लावलं. मांडवात तुझ्या सासूबाई तो सगळ्यांना दाखवत होत्या, तेव्हा मी बुंदीचं ताट तसंच सोडून उठलो. लेकीचं रुखवत भर मांडवात परत कसं मागायचं?

तेव्हा काळजी फक्त सीलाची होती. आता निकाल आलाय. दाब वाढला तरी त्या कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह सुटत नाही. म्हणजे तो फुटू शकतो. तपासलेला आणि तुझा, दोन्ही एकाच खोक्यातले.

कंपनीचा माणूस म्हणतो, वाद घालू, सीलबंद कुकर जपा. मी नाही म्हणालो. साहेबांनाही आत्याचा प्रताप खरा खरा सांगितला. ते तोंड वळवून हसले. विकलेले कुकर मी आणि हरिओम गावोगाव जाऊन परत आणतोय. लोक शिव्या घालतील वाटलं होतं. हिप्परग्यात तर जेवायलाच बसवलं. फार बरं वाटलं बघ.

सासूबाई रागावल्या तर म्हणावं, सरकारनं सील ठोकलेला कुकर अख्ख्या तालुक्यात आमच्याच रुखवतात आला. हसतील त्या. सील तुटलं असलं तरी भिऊ नको, मी निस्तरीन. फक्त तो गॅसवर चढू देऊ नको, पोरी.

आयुष्यभर गिऱ्हाइकांना सांगत आलो, "घरच्यांना देईन तोच माल तुम्हाला देतोय." या वेळी ते खरं निघालं आणि माझी झोप उडाली.

उत्तर लिहीत बसू नको. ते कुकरचं गाठोडं हरिओमच्या हाती दे.

त्याच्याच वाटेकडं डोळे लावून बसलेले,
तुझे बाबा