इंजिन सुरू झाल्याची हकीकत

प्रिय घुम्या,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकला असशील तर आधी बैस. मला काही झालेलं नाही, घर जागेवर आहे, आणि न्हाणीतला गळका नळही दुरुस्त करून घेतला. तुला पत्र लिहायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. तू वसतिगृहात होतास तेव्हाही बाबाच पानंच्या पानं लिहायचे आणि मी खाली सही ठोकून मोकळी व्हायचे. ‘घुम्या’ वाचून तुझ्या कपाळाला आठ्या पडल्या असतील, पण मावशीनं ठेवलेलं हे नाव तू इतकं मनावर घेतलंस त्याला मी काय करू? पाहुण्यांनी काही विचारलं की दाराला टेकून नुसता बघत राहायचास. शेवटी बाबाच तुझ्या वतीनं उत्तर द्यायचे, आणि तू मान डोलवायचास.

तुझा फोन आला नाही त्याला आता बरेच रविवार झाले. मी केला तर तू उचलत नाहीस. ‘कसा आहेस?’ म्हणून मेसेज टाकला, तर ‘ठीक’ एवढंच आलं. पुन्हा टाकला, पुन्हा ‘ठीक’. रविवारी सकाळी मी फोन ओट्यावर डोळ्यांसमोर ठेवते आणि दुपार कलली की उचलून कपाटात ठेवून देते. घर खायला उठतं असं लोक म्हणायचे तेव्हा मला हसू यायचं. ज्या बाईच्या घरात धातू कातायचा लेथ आहे तिला कसलं घर खातंय, असं वाटायचं. हल्ली तसं वाटत नाही.

तर बातमी अशी की इंजिन सुरू झालं. हो, तेच. ज्याला तू ‘आईचं खूळ’ म्हणायचास आणि सूनबाई तुला दटावायची. निवृत्त झाल्यावर सगळ्यांनी मला भरतकाम सुचवलं होतं. पण अख्खी नोकरी मी दुसऱ्यांच्या यंत्रांचे सुटे भाग करण्यात घालवली. आज एक बुश, उद्या एक पिन. तो तुकडा कुठे बसतो, कशाला लागतो, ते कुणी सांगायचं नाही आणि आपण विचारायचं नाही. एकही यंत्र पुरं होऊन चाललेलं मी बघितलं नाही रे. म्हणून ठरवलं की एक तरी आपलं करायचं, खिळ्यापासून झडपेपर्यंत. तेही जुन्या घाटणीचं, एका सिलिंडरचं, सगळे अवयव उघड्यावर असलेलं. असली इंजिनं आता कुणी बनवत नाही, त्यामुळे त्याचे भागही विकत मिळत नाहीत. जे लागेल ते आपणच घडवायचं.

तुझ्या खोलीत लेथ आलाय हे तुला माहीत आहे. तुझा पलंग भिंतीला उभा करून ठेवलाय हे सांगितलं नव्हतं. येशील तेव्हा आडवा करू. त्या खोलीत माझे दिवस बरे गेले. दट्ट्या, म्हणजे पिस्टन, तीनदा केला. पहिला सैल झाला, दुसरा मी घाईघाईनं हातात धरूनच मोजला. हाताच्या उबेनं धातू किंचित फुगतो, हे मी नव्या पोरींना शिकवायची, आणि स्वतः मात्र तेच करून बसले. दट्ट्यावरच्या कड्यांनी तर रडवलं. बिडाच्या नळीतून पातळ कडी कापायची, तिला एक चीर द्यायची, मग ती अलगद फाकवून दट्ट्यावर चढवायची. बिस्किटासारख्या तुटायच्या. एक तुटली की मी त्या कडीला, बिडाला आणि ते ओतणाऱ्याला शिव्या घालायची, चहा करायची, आणि दुसरी कापायला घ्यायची. चहा मात्र दर वेळी दोन कप व्हायचा. बाबा गेल्यावर दुसरा कोण पिणार होतं, कुणास ठाऊक.

मधे दोन गोष्टी घडल्या, त्या तुला फोनवर सांगितल्या नाहीत. पहिली गोष्ट शिंप्याची. आपल्या भिंतीपलीकडचं दुकान आता एका शिंप्यानं घेतलंय. एक दिवस मी लेथवर पोलादाची कांब कापत होते. काम छान चाललंय असं मला वाटत होतं. तेवढ्यात हा गृहस्थ गळ्यात टेप घेऊन थेट आत आला आणि माझ्याच घरात त्यानं माझंच बटण बंद केलं. माझ्या तोंडाजवळ येऊन ओरडला, “अहो ताई, कान आहेत की नाही? दार बडवून बडवून हात दुखले माझे! किती किंचाळतंय ते!” मी कसली ऐकून घेते! म्हटलं, आधी तुमच्या शिलाईमशीनला तेल घाला, मग मला शिकवा. तो गेला. मी कांब काढून बघितली तर अंगभर लाटा उठलेल्या. कापणारं टूल थरथरत असलं की तशा उठतात, आणि तेव्हा लेथ असा काही किंचाळतो की मेलेला माणूस उठून बसेल. मी त्याच्या पुढ्यात उभी होते आणि मला पत्ता नव्हता. मी ती कांब भंगारात टाकली आणि तो विषय डोक्यातून काढून टाकला.

दुसरी गोष्ट टॅपची. टॅप म्हणजे भोकात आटे पाडायचं हत्यार, कडक आणि ठिसूळ. थोडा पुढे फिरवायचा, जरा मागे घ्यायचा, पुन्हा पुढे. तो मोडण्याआधी करकरतो. कारखान्यात आमच्या मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी माझा हात बाजूला सारून सांगितलं होतं, “हाताच्या जोरावर जाऊ नकोस पोरी, तो काय म्हणतोय ते ऐक.” आणि सगळी नोकरी मी ते ऐकत आले. शेजारच्या यंत्रावरच्या बाईचा टॅप करकरला तरी मी इकडून ओरडून तिला थांबवायची. तर इंजिनाच्या हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या झाकणात, ठिणगीच्या प्लगसाठी आटे पाडत होते, एकदम हाताला हिसका बसला आणि टॅप आतच मोडला. तो काही केल्या निघेना. अख्खं हेड वाया गेलं. मी तरातरा दुकानात गेले आणि असला माल विकता का म्हणून दुकानदाराशी भांडले. तो बराच वेळ काहीतरी समजावत होता. मी सगळ्याला हो हो म्हटलं आणि तसलाच दुसरा टॅप घेऊन घरी आले.

परवा सकाळी सगळं जोडून झालं. पेट्रोल घातलं, तेलाच्या वाट्या भरल्या आणि फ्लायव्हीलची दोन्ही जड चाकं हातानं फिरवायला लागले. दंड भरून आले. मग एकदम चाकानं माझ्या हातातून स्वतःला सोडवून घेतलं आणि ते आपलं आपण फिरायला लागलं. या इंजिनाची चाल अशी असते की एक ठोका देतं, मग बराच वेळ चाकं नुसती फिरत राहतात, वेग उतरला की पुन्हा एक ठोका. मी उभी राहून ठोक्याची वाट बघत होते. नळीतून धुराची चिमूट उडली. चाकं फिरत राहिली. पुन्हा चिमूट उडली. मला वाटलं, माझ्याच ढकलण्यानं फिरतायत, आता थांबतील. थांबली नाहीत. मग मी टेबलावर हात टेकला तेव्हा तळव्याला ठोका लागला. चांगला दणदणीत ठोका होता रे. कानात मात्र काहीच नव्हतं. इतकी वर्षं ज्याच्यामागे लागले ते चालू झालं होतं, खोलीत मी एकटी होते, आणि मीसुद्धा तिथे नसल्यासारखी होते. मला फार एकटं वाटलं.

तेवढ्यात शिंपी दारात. तोंड हलत होतं. मी म्हटलं, बंद करते, बंद करते. तर तो मान हलवायला लागला आणि हसत होता. काही विचारलं त्यानं, मी हो म्हटलं. पुन्हा काही विचारलं, पुन्हा हो म्हटलं. मग तो माझ्या पाठीमागे गेला. नंतर कळलं की त्यानं आपली मोठी कात्री माझ्या मागे फरशीवर टाकली होती. समोर आला तेव्हा चेहरा उतरला होता त्याचा.  माझं मनगट धरलं आणि इंजिनाबरोबर त्यावर बोटानं ठोका द्यायला लागला. एक टिचकी, मग नुसतं थांबणं, मग पुन्हा एक टिचकी. किती वेळ ते चाललं कुणास ठाऊक. भांडखोर आहे, पण माणूस बरा आहे. मग खिशातला खडू काढून माझ्या टेबलाच्या पत्र्यावर त्यानं लिहिलं, ‘ऐकू येत नाही?’ रविवारचं माझं फोनवरचं बोलणं भिंतीपलीकडे त्याला ऐकू जात असणार. त्याखाली त्यानं लिहिलं, ‘मग मुलाशी फोनवर कशा बोलता?’

कशी बोलते ते सांगते. मीच बोलते. सुरुवातीला तू काय म्हणतोस ते अर्धंमुर्धं कळायचं, मग शब्द विरघळायला लागले, मग पांघरुणाखालून आल्यासारखी नुसती गुणगुण उरली. ती थांबली की आपली पाळी. मी जेवण, नळ, इंजिन, हवा, सगळं एका दमात सांगून टाकायची, म्हणजे ऐकायची वेळच यायची नाही. तू एकदा म्हणालास, ‘आई, तू हल्ली बाबांसारखी बडबडायला लागलीस.’ ते मला ऐकू आलेलं तुझं बहुतेक शेवटचं धड वाक्य. तुला सांगितलं नाही, कारण तू नोकरी सोडून धावत आला असतास, नाहीतर मला उचलून तिकडे नेलं असतंस, आणि लेथ भंगारात गेला असता. शिवाय, खरं सांगू? लाज वाटली. जिला शेजारच्या यंत्रावरची करकर कळायची, तिनं आता कुणाकुणाला ‘काय? काय?’ करत बसायचं?

काल कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. शिंपी बरोबर आला होता, दुकान बंद ठेवून. उजवा पार गेलाय, डाव्यात थोडं उरलंय. कारखान्यातल्या टूलरूमच्या आवाजानं असं होतं म्हणे, हळूहळू, माणसाच्या नकळत. कानात घालायचं यंत्र मिळेल, पण त्याला वेळ आहे, आणि त्यानं फोनवरचं कितपत कळेल याची खात्री डॉक्टरांनाही नाही. म्हणजे मी आता दुसऱ्यानं केलेलं यंत्र वापरणार. हस, हस.

इतका वेळ चऱ्हाट लावलं, कारण जे लिहायला बसले ते लिहवत नव्हतं. तुझा शेवटचा फोन आला त्या रविवारी तू खूप वेळ बोललास. तू असा कधी बोलत नाहीस. मधे थांबलास, पुन्हा बोललास. मी डावा कान फोनवर दाबून धरला होता, नुसती गुणगुण येत होती. मला वाटलं, तुला हवी होती त्या बदलीचं जमलं असेल, त्याचंच सांगतोयस. आवाज थांबला तसं मी म्हटलं, “वा, छान झालं! मी म्हणतच होते.” त्यानंतर फोनमधून काही आलं नाही, आणि मी मेली पुढे नळाचं सांगत सुटले. तेव्हापासून तुझं ‘ठीक’ सुरू झालं. पत्र्यावरचा तो खडूचा प्रश्न वाचला तेव्हा मला तो रविवार आठवला. बाळा, त्या दिवशी तू मला काय सांगितलंस ते मला माहीत नाही. एक शब्दही माहीत नाही. तुझं आणि सूनबाईचं काही बिनसलं का, नोकरी गेली का, डॉक्टरांनी काही सांगितलं का, एकेक तुकडा लावून बघते आणि जीव घाबरा होतो. माझं ते ‘छान झालं’ तुझ्या बोलण्याला नव्हतं, तुझा आवाज थांबला एवढ्याच गोष्टीला होतं. ते जे काय होतं ते मला लिहून पाठव. आईला सोसणार नाही म्हणून काही गाळू नकोस. जन्मात एकदा तू आपणहून सांगायला आलास आणि तेव्हा तुझी आई घरात नव्हती, असं समज. आता आहे. सांग.

तुझीच,
आई