कोटांच्या कपाटाला स्थगिती

ती. वन्संना,

सविनय नमस्कार. तुमचे गुडघे कसे आहेत? जिने चढू नका असं डॉक्टर म्हणाले म्हणून तुम्ही डॉक्टरच बदललात, असं कळलं. नवा काय म्हणतो ते कळवा. माझी तब्येत ठीक आहे. झोप येते, जाते, परत येते. मी तिला काही विचारत नाही. हे पत्र हातानं लिहिते आहे, कारण पलीकडच्या खोलीत तुमच्या चिरंजीवांच्या पॉडकास्टचं रेकॉर्डिंग चालू आहे आणि मला फोनवर बोलायची बंदी आहे. खुर्चीही करकरते, म्हणून ओट्याशी उभी राहून लिहिते आहे. अक्षर वाकडं आलं तर चालवून घ्या.

तुम्ही त्याला माझ्याकडे धाडलंत, ते मी त्याला समजावून पुन्हा कोर्टात पाठवावं म्हणून. चांगली चाललेली वकिली सोडून हा मुलगा लोकांना जगायचं कसं ते सांगतो, हे तुमचं दुखणं मला कळतं. (स्वतःचे मोजे कुठे आहेत ते मात्र मला विचारतो.) मी समजवायला बसणार होते, पण आल्या दिवशीच तो घरभर टाळ्या वाजवत हिंडायला लागला. मला वाटलं, डास. पण तो आवाज घुमतो का ते तपासत होता. बाहेरच्या खोलीत घुमला, स्वयंपाकघरात घुमला. मग ह्यांच्या कपाटात डोकं घालून टाळी वाजवली आणि तिथे काहीच घुमलं नाही. तुमच्या भावाला थंडी किती वाजायची ते तुम्ही जाणताच. भिंतभर कपाटात नुसते कोट, स्वेटर आणि लोकरीच्या पँटी. तो आतूनच ओरडला, “मामी, असा आवाज भाड्याच्या स्टुडिओतही मिळत नाही!” संध्याकाळपर्यंत कपाटाची दारं निघाली होती आणि माईक करड्या ओव्हरकोटाच्या कुशीत उभा होता.

तेव्हापासून घरात माणसांची रीघ आहे. मौनाचं महत्त्व सांगणारे एक गृहस्थ आले, ते थांबेचनात. शेवटी मीच कुकर लावला. झोपेच्या तज्ज्ञ बाई आल्या, त्या कोटांच्या उबेत खरंच झोपल्या. (तो भाग लोकांनी सगळ्यात जास्त ऐकला म्हणे.) ह्याची मुलाखतीची पद्धत अजून कोर्टातलीच. समोरचा सुखाबद्दल बोलू लागला की हा म्हणतो, “गेल्या मंगळवारी आपण सुखी होतात की नाही, एवढंच सांगा.” एकदा पाहुणा आला नाही म्हणून मलाच बसवलं. विषय, दुःखातून बाहेर कसं यावं. मामा गेल्यानंतर काय शिकलात, म्हणाला. मी म्हटलं, फ्यूज बदलायला. तो म्हणाला, मनाच्या पातळीवर? मी म्हटलं, फ्यूज मनानं बदलत नाही रे, आधी मेन स्विच बंद करावा लागतो. तो भाग अजून कुणाला ऐकवलेला नाही.

(मध्येच लिहायचं सोडून गेले होते. दाराशी कुणी आलंय असं वाटलं. कुणी नव्हतं.)

मग त्या घर आवरून देणाऱ्या बाई आल्या. विषय, सोडायला शिका. बोलता बोलता त्यांनी करडा कोट काढून हातात घेतला. हा कुणाचा? मी म्हटलं, ह्यांचा. ते वापरतात? आता ह्याला काय उत्तर द्यायचं! मी म्हटलं, सध्या नाही. मग सोडा, म्हणाल्या आणि कोट पलंगावर टाकला. त्याच्या कोपराशी अजून ह्यांच्या हाताची वळी आहे. इतका वेळ माना डोलावणारा तुमचा मुलगा ताडकन उठला. “हरकत आहे!” कोटांचा ह्या जागेवर वर्षानुवर्षं शांततेनं ताबा आहे, ते हलवले तर भरून न येणारं नुकसान होईल, पुढच्या तारखेपर्यंत स्थगिती मिळावी. (वाचनालय बंद होतं तेव्हा त्याची कायद्याची पुस्तकं मी वाचून काढली, त्यामुळे मला सगळं समजलं.) बाईंनी गुपचूप कोट परत टांगला. त्याला फक्त आवाजाची पडली होती, हे मला माहीत आहे. पण हे गेल्यापासून सगळे मला सावरा म्हणाले, गुंतवून घ्या म्हणाले. भरून न येणारं नुकसान असं माझ्यासमोर पहिल्यांदाच कुणी म्हणालं.

आता अडचण अशी, की त्याला भिंतींना फोम लावलेली खोली मिळाली आहे. सोमवारी तिथे एक भाग करूनही आला. महिनाअखेर तिकडेच राहायला जाणार. म्हणजे स्थगिती उठली. काल तो बाहेर गेल्यावर मी अर्धं कपाट रिकामं केलं आणि टाळी वाजवून पाहिली. घुमली. तो यायच्या आत सगळं परत टांगलं. पण तुम्ही कधीपासून सांगताय ते बरोबरच आहे, कपडे कुणाच्या तरी अंगावर जायला हवेत. गाडी पाठवा, मी बोचकं बांधून ठेवते. मुलाला समजावणं काही माझ्याच्यानं झालं नाही, राग मानू नका.

तुमची,
वहिनी

ता. क. गाडी इतक्यात पाठवू नका. बोचकं नीट बांधलं जात नाहीये.

ता. क. दुसरा. तो माझं ऐकत नाही, तुमचं तर नाहीच. पण श्रोत्यांचं ऐकतो. तू फार घाईनं बोलतोस असं कुणीतरी लिहिलं, तर आठवडाभर मीठसुद्धा थांबून थांबून मागत होता. तेव्हा तुम्ही नाव न घालता त्याला लिहा, की सोमवारच्या भागात तू रिकाम्या डब्यातून बोलल्यासारखा वाटतोस, जुन्या जागेतलाच आवाज बरा होता. कोर्टाची काळजी नको. ते माझ्या घरून चालत जाण्यासारखं आहे, आणि त्याचा काळा कोट अडकवायला कपाटात एक हँगर मी मोकळा ठेवला आहे.

ता. क. तिसरा. सोमवारचा भाग मी ऐकला. आवाज फार छान आलाय. तरी लिहा.