पाठीतून निघालेले पांढरे केस

मु. दिघोरी

सौ. शकुनबाईले,

लहान भाऊ श्यामलाल पाया पडतो. बाई, तू बरी असशील, भाऊजींचा गुडघा वाकत असंल अन् तुमच्या करडी गावाले धान निसवलं असंल, असं धरून चालतो. (फोनच केला असता, पण फोनवर तू मधातच हसतेस, मंग माही सांगायची हिंमत राहत नाही.)

माह्या पाठीवर उजव्या खांद्याखाली लहानपणापासून गाठ होती, ते तुले माहीतच आहे. वाटाण्याची बोराएवढी झाली, अन् यंदा लिंबाएवढी होऊन तलावात जाळं फेकताना ओढ बसाले लागली. दुखत नव्हती. पण मले कॅन्सरचं भेव होतं अन् ते मी घरी कोणाले सांगतलं नव्हतं. चंद्रकांता (तुही भावजय कशी आहे, मी काय सांगू) म्हणे, "तुमी त्या गाठीले पोरीवाणी पोसून राहिले." शेवटी तिनंच मले साकोलीच्या एका दवाखान्यात नेऊन बसवलं.

डॉक्टरीणबाई तरुण, रक्षा नावाची. गाठ दाबून म्हणाली, "काका, साधी दिसते. जागा सुन्न करून काढून टाकू, आजच घरी जाल." मले पालथं झोपवलं, सुई टोचली, अन् पाठ जशी दुसऱ्याचीच झाली. भेवापायी मी मासोळीच्या भावावर बोलत राहिलो. तेवढ्यात मागून एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला, "हळू काढ माय, आंग अवघडलं आहे." मले वाटलं, नर्स असंल. पण नर्स माह्या समोर ट्रे धरून उभी होती, अन् मागं डॉक्टरीणबाईच्या चिमट्याची खटखट थांबली होती. "काका, तुमी काही बोलले का?" तिनं विचारलं. मी नाही म्हणलं. मंग तिनं चिमट्यानं ओढून माह्या समोरच्या ट्रेत ठेवलं. बाई, गाठीत केस होते. पांढरे, लांब, अंबाड्यासारखे गुंडाळलेले. (माह्या डोक्यावर किती उरले, ते तू पाहिलंच आहे.) ती म्हणाली, जन्माआधीच कातडीखाली राहून गेलेली गाठ असली, की तिच्यात केस निघतात कधी कधी. पण हे सांगताना ती दाराकडं पाहत होती, जसं कोणी आत्ताच बाहेर गेलं.

टाके घातले, गाठ बाटलीत टाकली अन् तपासणीसाठी भंडाऱ्याले पोचवाले सांगतली. चंद्रकांता म्हशीची धार काढाले घरी गेली, मी बाटली मांडीवर घेऊन एसटीत बसलो. कंडक्टरनं मले तिकीट देल्लं अन् म्हणाला, "आजीचं आधार कार्ड दाखवा. पंच्याहत्तरच्या वर असतील तर फुकट आहे." मी म्हणलं, मी एकटाच आहो. त्यानं खिडकीकडं पाहिलं, माह्याकडं पाहिलं अन् पुढं गेला. तवा माह्या ध्यानात आलं, बस अर्धी रिकामी असून मी खिडकीची जागा सोडून कडेले बसलो होतो. काहून, ते मले सांगता येत नाही. भंडारा येईपर्यंत मी तिकडं मान वळवली नाही.

रिपोर्ट चांगला आला. कॅन्सर नाही, काही नाही. मी नारळ फोडला, चंद्रकांता डोळ्याले पदर लावून रडली. (मंजे तिलेही तेच भेव होतं.)

पण आता रोज सकाळी तिच्या फणीत लांब पांढरे केस निघतात. तिचे स्वतःचे मेंदीनं लाल आहेत. मी म्हणलं, घरात पूजा घालू. ती दोन बोटांनी केस काढून म्हणते, "कायले तिले तरास देता? गरीब आहे बिचारी. तुमच्यावाणी बडबड तरी करत नाही." काल तिनं चहाचे तीन कप भरून ठेवले. तिसरा मी नंतर पाहिला. रिकामा होता.

लेकराइले आशीर्वाद.

तुहा,
श्यामलाल

ता. क. टाक्याले पाणी लागू द्यायचं नाही, म्हणून तलाव बंद आहे. तवा थोडे दिवस तुह्याकडं राहाले येऊन राहिलो. भेलो म्हणून नाही.

आणखी एक. चंद्रकांता येत नाही म्हणते. तरी अंथरूण दोघांचं टाकजो. दुसरं जरा मऊ असू दे.